मोटरहोमच्या मागे हायब्रिड गाडी



अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात क्वार्ट्झसाइट नावाचं एक छोटं वाळवंटी गाव आहे. उन्हाळ्यात तिथं अंगाची लाही होते. हिवाळा आला की मात्र उत्तरेकडच्या बर्फातून निघालेली निवृत्त मंडळी आपापली मोटरहोम घेऊन तिथं हजारोंनी मुक्काम ठोकतात. स्वयंपाकघर, न्हाणीघर, बिछाने सगळं आत असलेलं हे वाहन कधी कधी आपल्या एसटीच्या गाडीएवढं लांब असतं. एकदा जागेवर लावून पाण्याचा पाइप आणि विजेची तार जोडली, की दूध आणायला किंवा डॉक्टरकडे जायला ते पुन्हा हलवणं जिवावर येतं. म्हणून बरेच जण मागे एक छोटी मोटार बांधून आणतात. ती ट्रेलरवर चढवलेली नसते. तिची चारही चाकं रस्त्यावर फिरत असतात आणि आत कोणी बसलेलं नसतं.

मोटरहोम पेट्रोल पितं ते अक्षरशः पितं. एका गॅलनला आठ-दहा मैल गेलं तरी मालक समाधानी असतो. तेव्हा मागची गाडी तरी काटकसरी असावी, हायब्रिड असावी, असं कोणालाही वाटेल. पण कुठली हायब्रिड, हा प्रश्न इथं निर्णायक आहे.

टोयोटा प्रियसचं उदाहरण घेऊ. हिच्या गिअरपेटीत नेहमीचे गिअर नाहीत. मध्ये एक दातेरी चाक, त्याभोवती फिरणारी छोटी चाकं आणि बाहेर एक दातेरी कडं, अशी रचना आहे. मधल्या चाकाला जनरेटर जोडलेला, छोट्या चाकांच्या चौकटीला इंजिन जोडलेलं, आणि बाहेरच्या कड्याला विजेची मोटर आणि गाडीची पुढची चाकं. हे तिन्ही कायम एकमेकांत गुंतलेले असतात. साध्या गाडीत न्यूट्रल टाकलं की इंजिन आणि चाकं यांची खरोखर फारकत होते. प्रियसमध्ये न्यूट्रल म्हणजे संगणकाला दिलेला आदेश: मोटरला वीज देऊ नकोस. दाते दात्यांतच राहतात.

आता अशी गाडी इंजिन बंद ठेवून हायवेवरून ओढली तर काय होईल? पुढची चाकं कड्याला फिरवणार, इंजिन जागचं हलणार नाही, म्हणून सगळी गती मधल्या चाकावर येणार. पहिल्या दोन पिढ्यांच्या प्रियसमध्ये कड्याला ७८ दाते आणि मधल्या चाकाला ३० दाते आहेत. म्हणजे कडं एक फेरा घेतं तेव्हा जनरेटर उलट्या दिशेनं २.६ फेरे घेतो. म्हणूनच त्या प्रियसमध्ये ताशी ४२ मैल, म्हणजे साधारण ६७ किलोमीटरच्या पुढे गेलं, की पेट्रोल जाळायचं नसलं तरी संगणक इंजिनाला फिरवतोच. नाहीतर जनरेटरचा वेग हाताबाहेर जाईल. गाडी बंद करून ओढताना ही काळजी घ्यायला कोणी जागं नसतं. शिवाय मोटर आणि जनरेटर यांच्यात कायमचे चुंबक आहेत, त्यामुळे ते फिरले की वीज तयार होतेच, आपल्याला हवी असो वा नसो. पुढची चाकं जमिनीवर ठेवून प्रियस ओढू नका, असं टोयोटा बजावते ते याच कारणानं.

पण फोर्डच्या हायब्रिड गाड्यांची पेटीही याच तत्त्वावर चालते, आणि त्यांतल्या कित्येक गाड्या चारही चाकांवर ओढायला कंपनीनंच परवानगी दिलेली आहे. एस्केप हायब्रिड, फ्यूजन हायब्रिड, सी-मॅक्स हायब्रिड, आणि अलीकडचा मॅव्हरिक पिकअप. मला यातली सी-मॅक्स विशेष अभ्यासण्यासारखी वाटते. २०१२ ते २०१८ या काळात मिशिगनमधल्या वेन इथं बनलेली ही गाडी. तिच्या मायलेजचा आकडा फोर्डला गॅलनला ४७ मैलांवरून आधी ४३ आणि मग ४० वर आणावा लागला, त्यामुळे तिची बदनामी झाली. पेटी मात्र दणकट होती. २०१३ मध्ये फोर्डनं तिच्या संगणकात सुधारणा केली, तेव्हा इंजिन पूर्ण थांबवून नुसत्या विजेवर ती ताशी ८५ मैलांपर्यंत जाऊ लागली. म्हणजे इंजिन स्थिर असताना हायवेच्या वेगानं फिरणं तिच्या जनरेटरला झेपतं. तत्त्व एक असलं तरी प्रत्येक पेटीची सहनशक्ती वेगळी असते.

म्हणून माझं सांगणं ठाम आहे. शेजाऱ्याची गाडी ओढली गेली म्हणून आपली ओढू नये. आपल्या गाडीच्या, आपल्याच सालच्या पुस्तिकेतलं ओढण्याबद्दलचं पान वाचावं. होंडा सीआर-व्ही अनेक वर्षं मोटरहोमवाल्यांची लाडकी होती. २०१५ साली तिची गिअरपेटी बदलली आणि परवानगी संपली. नाव तेच, चेहरा जवळपास तोच. मॅव्हरिकमध्ये तर उलटा प्रकार आहे: हायब्रिड ओढता येतो, साधा पेट्रोल ऑटोमॅटिक चारही चाकांवर ओढता येत नाही. एरवीही बऱ्याच ऑटोमॅटिक पेट्यांमध्ये तेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद असेल तर आतले भाग कोरडेच घासत राहतात.

परवानगी आहे हे नक्की झालं, की तयारीला लागायचं. पुढचा बंपर उतरवून गाडीच्या सांगाड्याला एक लोखंडी बैठक बोल्टांनी बसवतात. मोटरहोमला जोडणारा दांडा, म्हणजे टो-बार, तिलाच अडकतो. हायब्रिडमध्ये हे काम जरा नाजूक असतं, कारण जाळीमागे वेगानुसार उघडझाप करणाऱ्या झडपा असू शकतात आणि वीजयंत्रणा थंड ठेवणारा रेडिएटरही तिथंच असतो. टो-बार जमिनीला समांतर हवा. दोन टोकांच्या उंचीत तीन इंचांहून जास्त फरक असेल तर मधला जोड बदलावा. सुरक्षेच्या केबली वेगळ्या लावायच्या, त्याही फुलीसारख्या आडव्या-तिडव्या. मागच्या दिव्यांसाठी मोटरहोमकडून वायर आणताना गाडीच्या मूळ वायरिंगला थेट जोड देऊ नये. डायोड बसवावेत, किंवा मागच्या दिव्याच्या घरात एक वेगळा बल्ब लावावा. संगणकानं भरलेल्या गाडीत मला दुसरा उपाय जास्त पसंत आहे, कारण मूळ यंत्रणेला हातच लागत नाही.

आता ब्रेक. या भाषणात मला सर्वांत जास्त कळकळीनं सांगायचं आहे ते याबद्दल. सी-मॅक्सचं वजन सुमारे १६०० किलो आहे. घाट उतरताना मोटरहोमचे ब्रेक स्वतःचंच वजन आवरत असतात. त्यात मागून हे १६०० किलो ढकलत असले तर थांबायला लागणारं अंतर वाढतं, ब्रेक तापतात. त्यामुळे ओढल्या जाणाऱ्या गाडीचे स्वतःचे ब्रेक लागलेच पाहिजेत. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत ठरावीक वजनापुढे कायद्यानंही ते लागतात. त्यासाठी मागच्या गाडीत चालकाच्या पायाच्या जागी एक यंत्र ठेवतात. मोटरहोम वेग कमी करू लागलं की ते ब्रेकचं पेडल दाबतं.

साध्या पेट्रोल गाडीत इंजिन बंद झालं, की एकदोनदा दाबल्यावर पेडल दगडासारखं कडक होतं, आणि ही यंत्रं त्या कडक पेडलासाठी बनलेली असतात. अनेक हायब्रिड गाड्यांत ब्रेकला मदत करणारी यंत्रणा विजेवर चालते. पेडल दाबलं की ती गाडी बंद असली तरी जागी होते. मग त्याच जोरानं दाबलं तर ब्रेक गरजेपेक्षा फार जास्त लागतात, टायर घासतात, आणि पुढे बसलेल्या चालकाला त्याचा पत्ताही नसतो. दुसरं म्हणजे, दर वेळी यंत्रणा जागी झाली की बारा व्होल्टची छोटी बॅटरी थोडी थोडी उतरते. म्हणून हायब्रिडसाठी दाब कमी करता येणारं यंत्रच घ्यावं. ते मोकळ्या मैदानात, हळू वेगात तपासावं आणि मोटरहोमच्या डॅशबोर्डवर ब्रेक लागल्याचा दिवा बसवावा. गाडी चुकून सुटलीच तर दोरी ओढली जाऊन ब्रेक लागतील असा स्विचही हवा. हा खर्च टाळणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या पुढच्या गाडीत कुणाची तरी मुलं बसलेली असतात, एवढंच मी म्हणेन.

छोट्या बॅटरीला कमी लेखू नका. मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असली तरी हायब्रिड गाडीला जाग आणते ती ही बारा व्होल्टची. ती मेली तर मुक्कामाला पोहोचल्यावर गाडी उठतच नाही. मोटरहोममधून तिला चार्ज करणारी एक वायर, मध्ये फ्यूज घालून, आणावीच.

बाकी सूचना पुस्तिकेत असतात: कुठल्या क्रमानं न्यूट्रल करायचं, स्टीअरिंग मोकळं कसं ठेवायचं, वेगाची मर्यादा किती, मध्ये थांबून इंजिन चालवायचं की नाही. एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. गाडी जोडलेली असताना मोटरहोम मागे घेऊ नका. मागच्या गाडीची चाकं वळून अडतात आणि टो-बार वाकतो. चुकीच्या पंपावर शिरलात तर उतरून गाडी सोडवा, मगच मागे घ्या.

हे सगळं अमेरिकेतलं, आपल्याला काय त्याचं, असं वाटत असेल तर थोडं थांबा. इनोव्हा हायक्रॉस, हायरायडर आणि ग्रँड विटारा यांच्या स्ट्राँग हायब्रिड आवृत्त्या आज महाराष्ट्रात सर्रास दिसतात. त्यांची पेटी प्रियसच्याच घराण्यातली आहे आणि इंजिन पुढच्या चाकांना जोडलेलं आहे. अशी गाडी एक्स्प्रेसवेवर किंवा घाटात बंद पडली तर तिला मागच्या बाजूनं उचलून, पुढची चाकं रस्त्यावर ठेवून नेऊ देऊ नका. फोन करतानाच सांगा, गाडी हायब्रिड आहे, फ्लॅटबेड पाठवा, म्हणजे आख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक. फ्लॅटबेड मिळालाच नाही, तर निदान पुढची चाकं उचलायला लावा, आणि क्रेनवाला घाई करत असला तरी आधी हँडब्रेक सुटला आहे ना ते पाहा.