कॉलेजनं फसवलं तर दाद कुठं मागायची?

(संघटनेच्या युवक शिबिरातल्या भाषणाचा मजकूर. जी गावं शिबिराला आली नाहीत त्यांनी गावबैठकीत वाचून दाखवावा.)



जमिनीच्या शिबिरात कॉलेजचा विषय कशाला, असं काही जाणत्या माणसांनी सकाळी विचारलं. आंबेगाव, जुन्नर, खेडच्या डोंगरपट्ट्यातली आपली पोरं आता चाकण, भोसरी, पिंपरी-चिंचवडला जातात. हिरडा विकून, शेरडं विकून आलेला पैसा तिथल्या खाजगी संस्थांच्या फीत जातो. हातात खरं प्रमाणपत्र असेल तर पोरगा कंपनीत फिटर म्हणून उभा राहतो. नसेल तर ठेकेदाराकडं हेल्पर. हा फरक जन्मभराचा आहे. म्हणून हाही हक्काचाच प्रश्न.

आमच्याकडं पोरं-पोरी येतात त्यांची गाऱ्हाणी सारखीच. फीची पावती साध्या कागदावर. वर्कशॉपला कुलूप, शिकवायला माणूस नाही. परीक्षा आली की कळतं, यादीत नावच नाही. शाळेचा मूळ दाखला कॉलेजनं अडकवून ठेवलेला. काहींना 'अप्रेंटिस' म्हणून कंपनीत पाठवतात, पण करारावर सही नाही, नुसतं लाईनवर राबवून घेतात.

यावर करायचं काय?

पहिलं, पाटीला भुलू नका. 'शासनमान्य' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. धर्मादाय आयुक्तांकडं ट्रस्टची नोंदणी, उद्यम नोंदणी, आयएसओचं सर्टिफिकेट, यातलं काहीही म्हणजे शिकवायची मान्यता नव्हे. आयटीआयला केंद्र सरकारच्या प्रशिक्षण महासंचालनालयाची, म्हणजे डीजीटीची, संलग्नता लागते. तीसुद्धा ट्रेडनुसार आणि तुकडीनुसार मिळते. फिटरची आहे म्हणून इलेक्ट्रिशियनची असेलच असं नाही. म्हणून विचारायचं, "आमच्या ट्रेडचं, आमच्या तुकडीचं पत्र दाखवा." डिप्लोमा असेल तर एआयसीटीईची मान्यता आणि राज्य तंत्रशिक्षण मंडळाची संलग्नता बघा. हे प्रवेशाआधीच विचारलं तर निम्मं भांडण वाचतं.

दुसरं, कागद. वनहक्काचा दावा करताना आपण पुरावे कसे गोळा केले ते आठवा. इथंही तसंच. माहितीपत्रक, पावत्या, ओळखपत्र, ऑनलाईन पैसे भरल्याची नोंद, सगळं जपा. एक वही घाला. कोणत्या तारखेला तास झाला नाही, कोण काय बोललं, ते त्याच दिवशी लिहा. पावती देत नसतील तर पावती मागणारा अर्ज द्या. तो अर्जही पुरावाच.

तिसरं, पायऱ्या. ग्रामसभेनंतर उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती, ही वाट आपल्याला पाठ आहे. आयटीआयचीही अशीच वाट आहे. आधी प्राचार्यांना लेखी अर्ज द्या. उत्तरासाठी अर्जातच मुदत घाला, पंधरा दिवस म्हणा. उत्तर नाही आलं तर जिल्हा व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण अधिकारी. तिथं हाललं नाही तर पुण्याचं प्रादेशिक कार्यालय, सहसंचालक. त्याच्या वर मुंबईचं व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय. संलग्नतेचाच घोळ असेल तर एक प्रत दिल्लीला डीजीटीकडं. डिप्लोमावाल्यांनी तंत्रशिक्षण मंडळ आणि तंत्रशिक्षण संचालनालयाकडं जायचं. दर वरच्या अर्जाला खालच्या अर्जाची पोच जोडा. पोच म्हणजे आवक शिक्का, तारीख, सही. घेतच नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते.

अर्ज लांबलचक नको. काय झालं, कधी झालं, काय पाहिजे, एवढंच. "न्याय मिळावा" असं लिहून भागत नाही. "मूळ दाखला परत द्या," "फी परत द्या," "आमच्या तुकडीला निदेशक नेमा," असं नेमकं मागा.

चौथं, एकट्यानं सही करू नका. "परीक्षेला बसू देणार नाही" ही धमकी येते, आणि संस्थेच्या हातात हजेरी आणि अंतर्गत गुण असतात, त्यामुळं भीती खोटी नाही. म्हणून सगळ्या तुकडीनं मिळून सही करायची. धमकी आली तर पुढच्या अर्जात तारखेसकट तीही लिहायची.

पाचवं, शिष्यवृत्ती. आदिवासी विकास विभागाच्या योजनांतून आलेल्या पैशाचा हिशेब घोडेगावच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात मागा. आपल्या नावावर पैसा आला आणि कॉलेज तीच फी पुन्हा मागत असेल, तर अर्ज प्रकल्प अधिकाऱ्यांना. त्यांच्या वर ठाण्याचे अपर आयुक्त, मग नाशिकचे आदिवासी विकास आयुक्त. हा विषय हलका नाही. गडचिरोलीत शिष्यवृत्तीचा घोटाळा उघडा पडला, कागदावर विद्यार्थी दाखवून संस्थांनी पैसे उचलले, तेव्हा २०१६ साली राज्य सरकारला विशेष चौकशी पथक नेमावं लागलं. आपल्या पोरांचं नाव कुठल्या यादीत आहे, हे आपणच बघितलं पाहिजे.

सहावं, माहितीचा अधिकार. २००५ चा कायदा आपण वनखात्यावर वापरला, इथंही वापरा. दहा रुपयांचं तिकीट, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही. अर्ज संस्थेकडं नको, सरकारी कार्यालयाकडं करा: "या संस्थेची शेवटची तपासणी कधी झाली, अहवालाची प्रत द्या. आमच्या तक्रारीवर काय कारवाई केली ते सांगा." ३० दिवसांत उत्तर नाही तर पहिलं अपील, मग राज्य माहिती आयोग.

सातवं, कोर्ट आणि पोलीस. बिहारमधल्या एका डेंटल कॉलेजनं मान्यता आहे असं खोटं सांगून प्रवेश दिले होते. विद्यार्थी ग्राहक आयोगात गेले, आणि २००९ साली सुप्रीम कोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला, फी आणि भरपाई द्यायला लावली. म्हणजे मान्यतेबद्दल खोटं बोलून फी घेतली असेल तर पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. वकील लागतोच असं नाही. पाच लाखांपर्यंत फी नाही. मात्र दोन वर्षांच्या आत जायचं. कागदच खोटे असतील तर ती फसवणूक, पोलीस ठाण्यात लेखी फिर्याद द्या. चाकणचं ठाणं आता पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात येतं. जातीवरून चारचौघांत अपमान केला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे.

आता गावांनी काय करायचं? जूनमध्ये पोरं प्रवेशाला निघतात, त्याआधी ग्रामसभेत विषय घ्या. कोण कुठं जातंय त्याची यादी करा. फी भरायला जाताना एक लिहिता-वाचता माणूस बरोबर जाऊ द्या. ज्या पोरांचं आधीच फसलंय, त्यांनी लाजून घरी बसू नये. पोरीचं वर्ष वाया गेलं म्हणून तिला बोल लावू नका. ज्यानं पैसे घेतले, जाब त्याला विचारायचा आहे.

डिंभ्याच्या धरणात आपली जमीन गेली, पाणी खाली गेलं. आता आपली पोरं खाली चाललीत. ती रिकाम्या हातानं परत येऊ नयेत, एवढं बघणं आपल्या हातात आहे. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावानं आपली यादी आणि पावत्यांच्या झेरॉक्स आणाव्यात. पहिले अर्ज तिथंच बसून लिहू.

जिंदाबाद!