दिसते त्यातले निम्मे



भंडारदऱ्याला आपल्यापैकी पुष्कळजण जाऊन आले असतील. १९२६ साली पुऱ्या झालेल्या विल्सन धरणापाशी उभे राहिले, की जलाशयाच्या दूरच्या टोकाला रतनगड दिसतो. वैशाखातल्या दुपारी तो फिकट, धुरकट असतो. वळवाची मोठी सर पडून गेली, की त्याच्या घळी मोजून घ्याव्यात. आणि आषाढात गड राहोच, शेजारचे झाडही दिसत नाही. डोंगर तोच, डोळेही तेच. मग बदलते काय?

बदलते ती मधली हवा. हवेतील धूळ, धूर आणि पाण्याचे सूक्ष्म थेंब उजेड चोहीकडे विखुरतात व त्यातला काही आपल्या डोळ्यांत येतो. अंतर वाढेल तसा हा उसना उजेड डोंगरावर चढत जातो. अखेर डोंगर आणि मागचे आकाश यांच्या उजळपणात शेकडा दोनच्या आसपास फरक उरला, म्हणजे डोंगर डोळ्याला हरवतो, असा हिशेब जर्मन शास्त्रज्ञ कोश्मीडर यांनी १९२४ साली मांडला. म्हणजे दिवसा डोंगर हरवतो तो अंधारामुळे नव्हे, उजेडामुळे!

पावसाळ्यात समुद्रावरचा दमट वारा घाटघरच्या कड्याला अडून वर चढतो, पसरतो, थंड होतो आणि त्यातील वाफेचे थेंब बनतात. कोकणातला माणूस खालून ज्याला ढग म्हणतो, त्यालाच आपण वर उभे राहून धुके म्हणतो. एक किलोमीटरच्या आतले दिसेनासे झाले, की हवामानशास्त्रज्ञ त्याला धुके म्हणतात. दोनशे मीटरच्या आत आले, की दाट धुके.

एका श्रावणात आम्ही घोटीहून बारीमार्गे शेंडीला निघालो होतो. वाटेत चाळीसेक मीटरांपलीकडे काही दिसेना. आम्ही गाडीवानाला म्हणालो, "अहो, मोठा दिवा लावा की!" त्याने हसून लावून दाखवला. समोर पांढरी भिंत उभी राहिली! थेंबांनी दिव्याचाच उजेड आमच्या डोळ्यांत परत फेकला होता. त्याने झोत खाली केला, वेग आणखी कमी केला आणि म्हणाला, "साहेब, दिसतंय त्यातलं निम्मंच आपलं. निम्मं समोरून येणाऱ्याचं."

घरी येऊन आम्ही हिशेब करून पाहिला. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. पाय ब्रेकवर पडेपर्यंतच एवढी वाट सरते. ओल्या रस्त्यावर गाडी थांबेतो एकूण ५० मीटर सहज जातात. दिसत होते ४०, आणि अरुंद रस्त्यावर त्यातले आपल्या वाट्याचे २०. ताशी ३६ चा वेगसुद्धा तिथे जास्तच ठरला असता. पाटी-पेन्सिल न घेता त्या गृहस्थाने हे गणित सोडवले होते.

आज विमानतळावर दृश्यता मोजायला यंत्रे आहेत. घाटात यंत्र आपणच. रस्त्याकडेचा दगड, वळणावरचे झाड, पुलाचा कठडा, यांतले काय दिसते आणि काय नाही, एवढे पाहत जावे, आणि दिसते त्याच्या निम्म्यात थांबता येईल इतकाच वेग ठेवावा. तेवढ्यातही भागेना, तर रस्त्यापासून दूर, सुरक्षित जागी गाडी उभी करून चहा घ्यावा. धुके निघून जाते. रतनगड कुठे जात नाही.