गाडी अडली, तर आधी सेल तपासा

(गणेशोत्सवात आपल्या मंडळाच्या सभागृहात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



विद्येच्या देवतेसमोर उभे राहून सेल आणि बॅटरी या विषयावर बोलायचे, याचे काहींना नवल वाटेल. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत याच सभागृहात सहावी ते नववीच्या मुलांनी रोबोट-गाड्या जोडल्या. त्या गाड्यांनी आम्हाला जे शिकवले ते आज सर्वांसमोर मांडावे, असे मंडळाचे म्हणणे पडले. आम्ही तिघे-चौघे मिळून तो वर्ग घेतो. आम्ही कोणी रोबोटचे तज्ज्ञ नाही. राज्य सरकारच्या निरनिराळ्या खात्यांत नोकरी, शिक्षण डिप्लोमाचे, आणि हातात टेस्टर-पकड धरायची जुनी सवय, एवढेच आमचे भांडवल.

आधी गाडीची ओळख करून देतो, म्हणजे आजी-आजोबांनाही पुढचे समजेल. प्लास्टिकची एक पाटी. तिला पिवळ्या गिअरच्या दोन छोट्या मोटरी आणि दोन चाके. पुढे कुठेही वळणारे एक बारके चाक. वर आर्डुइनोचा बोर्ड, तो गाडीचा मेंदू. मेंदूने सांगितल्याप्रमाणे मोटरींना वीज देणारी एक वेगळी पट्टी, तिला मोटर ड्रायव्हर म्हणतात. समोर अडथळा ओळखणारा सेन्सर, दिसायला दोन डोळ्यांसारखा. आणि या सगळ्यांना वीज पुरवणारे सेल. भिंत आली की गाडी थांबते, वळते आणि पुढे जाते. मुले हे सगळे दोन दिवसांत जोडतात.

अडचण येते तिसऱ्या दिवशी. गाडी हातात उचलून धरली की चाके भिंगरीसारखी फिरतात. खाली फरशीवर ठेवली की ती हातभर चालते, थबकते, बोर्डावरचा दिवा लुकलुकतो आणि प्रोग्राम पहिल्यापासून सुरू होतो. कधी डावीकडे वळायचे सोडून जागीच थरथरते. सातवीतली एक मुलगी दोन दिवस तोच प्रोग्राम पुन्हा पुन्हा तपासत बसली आणि शेवटी म्हणाली, "काका, मला हे नाही जमत. मी चित्रकलेच्या वर्गाला जाते."

मंडळी, चित्रकला उत्तमच आहे. पण ती जात होती ते चित्रकलेच्या ओढीने नव्हे, आपल्याला डोके नाही असे वाटले म्हणून. तिच्या प्रोग्राममध्ये एकही चूक नव्हती. दोष होता किटबरोबर आलेल्या चौकोनी ९ व्होल्टच्या बॅटरीत. अशा किती गाड्या आपापल्या घरी माळ्यावर जाऊन पडल्या असतील! आई-वडील म्हणतात, पैसे वाया गेले. मूल म्हणते, मला येत नाही. आणि खरा दोषी असतो वीस-पंचवीस रुपयांचा सेल. म्हणून आजचे आमचे सांगणे एका वाक्याचे आहे: गाडी अडली तर मुलाला आणि प्रोग्रामला बोल लावण्याआधी सेल तपासा, आणि तो गाडी चालू असताना तपासा.

आता याचे कारण पाहू. आपण इंदूरकर, नळाच्या पाण्याचे गणित आपल्याला कोणी शिकवायला नको. गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे ही एक गोष्ट, आणि टाकीतून खाली येणारा पाइप किती जाड आहे ही दुसरी. टाकी भरलेली असली तरी पाइप बोटाएवढा असेल, तर दोन नळ एकदम सोडताच दोन्हींची धार बारीक होते. सेलचेही तसेच. त्याच्या अंगावर 'एमएएच' म्हणून जो आकडा असतो तो टाकीचा. पाइप किती अरुंद हे सांगणारा आकडा म्हणजे सेलचा अंतर्गत रोध, आणि तो बहुधा अंगावर छापलेलाच नसतो. गाडी अडते ती बहुतेक वेळा या न छापलेल्या आकड्यामुळे.

ती चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी उघडली, तर आत दीड व्होल्टचे सहा बारीक सेल एकापुढे एक जोडलेले असतात. म्हणजे टाकीही लहान आणि पाइपही अरुंद. चांगल्या अल्कलाइन बॅटरीतही साठा साधारण ५०० एमएएच, तोही थोडा-थोडा करंट घेतला तर. ती बनली आहे धुराची सूचना देणारे यंत्र, मल्टिमीटर अशा कमी वीज खाणाऱ्या उपकरणांसाठी. तिथे ती महिनोन्‌महिने चालते. चाके ओढणे हे तिचे काम नव्हे.

आता मोटरीची भूक पाहा. पिवळी मोटर मोकळी फिरताना दीडशे मिलिअँपियरच्या आसपास घेते. पण चाक धरून ठेवले, तर तीच मोटर एक ते दीड अँपियर ओढते. आणि मोटर सुरू होते त्या क्षणी ती थांबलेलीच असते, म्हणून प्रत्येक सुरुवातीला आणि उलट फिरताना ती क्षणभर तेवढाच करंट मागते. दोन मोटरींनी मिळून फक्त दीड अँपियर मागितला आणि बॅटरीचा अंतर्गत रोध दोन ओहम असला, तर दीड गुणिले दोन, म्हणजे तीन व्होल्ट बॅटरीच्या पोटातच जिरले. बाहेर आले सहा. नवी कोरी असतानाची ही गोष्ट. वापरात रोध वाढत जातो, साध्या जस्त-कार्बन बॅटरीत तो मुळातच जास्त असतो. मग व्होल्टेज इतके कोसळते की बोर्ड बंद पडून पुन्हा सुरू होतो. म्हणूनच दिवा लुकलुकतो. मुलांना वाटते प्रोग्राम चुकला. प्रत्यक्षात मेंदूला भोवळ आलेली असते.

त्यात भर पडते ती मोटर ड्रायव्हरची. किटमध्ये बहुधा एल-२९८ नावाचा, उष्णता बाहेर टाकणारा काळा धातूचा हीटसिंक लावलेला जुन्या धाटणीचा ड्रायव्हर येतो. टिकाऊ आहे, स्वस्त आहे, पण मोटरीपर्यंत वीज पोचवताना तो स्वतःच दोन व्होल्टच्या आसपास खातो आणि तापतो. दीड व्होल्टचे चार सेल घातले की सहा व्होल्ट होतात, मोटरीला मिळतात चारच. टीबी-६६१२ या नव्या प्रकारच्या ड्रायव्हरमध्ये ही गळती फार कमी असते आणि छोट्या मोटरींना तो पुरतो. त्याच सेलवर गाडी अधिक वेगाने चालते.

मग सेल कोणते घ्यावेत? घड्याळात घालतो ते साधे सेल गाडीत घालू नयेत. अल्कलाइन पेन्सिल सेल चालतात, पण दीड व्होल्टपासून हळूहळू उतरत जातात, म्हणून सकाळी सरळ जाणारी गाडी संध्याकाळी रेंगाळते. आणि संपले की फेकायचे. मुलांसाठी आमची पहिली पसंती आहे निकेल-मेटल-हायड्राइडच्या, पुन्हा चार्ज होणाऱ्या पेन्सिल सेलना. एका सेलचे व्होल्टेज १.२ च, त्यामुळे चार घातले तर एल-२९८ च्या गाडीला कमी पडतात. सहा घालावेत, ७.२ व्होल्ट होतात. पाइप जाड असल्याने मोटर सुरू होताना ते फारसे कोसळत नाहीत, आणि साठा संपत येईपर्यंत व्होल्टेज बरेचसे स्थिर राहते. हिशेब सांगतो: अंगावर २००० एमएएच लिहिले आहे, गाडी सरासरी ६०० मिलिअँपियर घेते, म्हणजे कागदावर सव्वातीन तास. प्रत्यक्षात दोन तास धरा. सेल आणि चार्जर यांचा खर्च सुरुवातीला जड वाटतो, पण ते शेकडो वेळा चार्ज होतात.

आता लिथियमविषयी, आणि इथे पालकांनी कृपया नीट लक्ष द्यावे. लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतून निघणारे १८६५० नावाचे जाडसर सेल मुलांना फार आवडतात. नावातच माप आहे, १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी. गाडी त्यावर सुसाट धावते यात शंका नाही. पण हा सेल म्हणजे खेळणे नव्हे. पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट, त्यापुढे भरायचा नाही. साधारण ३ व्होल्टच्या खाली उतरवायचा नाही. दोन टोके धातूने जोडली गेली तर तो पेट घेऊ शकतो, म्हणून किल्ल्यांबरोबर खिशात ठेवायचा नाही आणि त्यावर थेट सोल्डरिंग करायचे नाही. चार्जर लिथियमचाच हवा, आणि चार्जिंग मोठे माणूस जागे असताना, फरशीवर, पडद्या-गादीपासून दूर. फुगलेला, दबलेला, गरम होणारा सेल लगेच बाजूला काढायचा. बाजारात ९९०० एमएएच छापलेले सेल मिळतात. या आकाराच्या चांगल्या सेलमध्ये साधारण ३५०० च्या आत साठा असतो, तेव्हा असा आकडा दिसला की तो सेल घेऊच नये. आमच्या वर्गात नववीच्या खालच्या मुलांना आम्ही लिथियम देत नाही. मुले रुसतात, रुसू देत.

निकामी सेल कचऱ्यात मिसळू नका. आपल्या शहराला कचरा वेगवेगळा करण्याची शिस्त लागली आहे, घंटागाडीत ई-कचऱ्याची सोय वेगळी असते. सेल तिथेच द्या.

आहे त्याच सेलवर गाडी जास्त कशी चालेल, तेही सांगतो. चाकांच्या आसात अडकलेले केस आणि दोरे काढा, घरोघरी हे निघतात. पुढचे बारके चाक अडत नाही ना ते पाहा. वजन कमी ठेवा. प्रोग्राममध्ये मोटर एकदम पूर्ण वेगाने न सोडता अर्ध्या सेकंदात हळूहळू वाढवा, आणि पुढून मागे जाताना मध्ये क्षणभर थांबू द्या. बोर्डाला आणि मोटरींना वेगवेगळे सेल देता आले तर सर्वांत उत्तम, मात्र दोन्हींच्या ऋण तारा एकमेकींना जोडलेल्या हव्यात, नाहीतर ड्रायव्हरला बोर्डाचे म्हणणे कळतच नाही.

आणि आता तपासण्याची रीत. एक साधा मल्टिमीटर घ्या. तीन आकडे वहीत लिहा: गाडी बंद असताना सेलचे व्होल्टेज, चाके हवेत फिरताना, आणि गाडी फरशीवर सुरू होताना. पहिला आकडा जवळजवळ नेहमी चांगलाच येतो, म्हणून दुकानात तपासलेला सेल घरी दगा देतो. खरे सांगतो तो तिसरा. पहिल्यात आणि तिसऱ्यात मोठा फरक असेल तर सेल बदला, प्रोग्रामला हात लावू नका. फरक थोडा असेल आणि तरी गाडी चुकत असेल, तर मग खुशाल प्रोग्राम तपासा. त्या सातवीतल्या मुलीने हे तीन आकडे स्वतः लिहिले, सेल बदलले, आणि तोच प्रोग्राम, एक अक्षर न बदलता, चालला. वर्ग संपेपर्यंत इतर मुले गाडी अडली की आमच्याकडे न येता तिच्याकडे जात होती.

विजेचा हा हिशेब फक्त मुलांच्या गाडीपुरता नाही. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ उतरले आणि त्यातून प्रज्ञान नावाची सहा चाकांची, २६ किलोची गाडी चंद्रावर फिरली. सूर्यप्रकाशावर मिळणारी वीज ५० वॉट, वेग सेकंदाला एक सेंटीमीटर. शंभर मीटरहून थोडी जास्त वाट तिने चालली. तिची कामगिरी चंद्रावरच्या एका दिवसाची, म्हणजे आपल्या १४ दिवसांची आखली होती, कारण रात्र झाली की ऊनही नाही आणि थंडी भयंकर. २ सप्टेंबरला बॅटरी पूर्ण भरून तिला झोपवले. पुढच्या सकाळी हाक मारली, उत्तर आले नाही. पण तिचे काम ठरल्याप्रमाणे पूर्ण झाले होते. वीज किती मिळणार हे आधी पाहून मग काम आखले, ही त्यातली शिकवण आहे.

आपल्या शहराला हे नवे नाही. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांमध्ये मान हलवणारे हत्ती, फिरणारी चक्रे आपण लहानपणापासून पाहत आलो. त्या गिरण्यांच्या कामगारांनी रात्र-रात्र जागून मोटरी बसवल्या आणि मिरवणूक अडू नये म्हणून विजेची तजवीज आधी केली. तीच बुद्धी आपल्या मुलांच्या हातात यावी.

शेवटी दोन विनंत्या. मंडळाने एक मल्टिमीटर आणि निकेल सेलचा एक चांगला चार्जर सभागृहात कायम ठेवावा, म्हणजे ज्या घरी खर्च परवडत नाही त्या मुलाचीही गाडी अडणार नाही. आणि पालकांनी माळ्यावरची किट खाली काढावीत. रविवारी सकाळी दहा वाजता घेऊन या. येताना सेल काढून वेगळे आणा, आपण तिथेच तपासू.



गणपती बाप्पा मोरया!