अदृश्य होण्याची किंमत



आपण गुप्त व्हावे आणि सर्वांचे सर्व पाहावे, ही माणसाची जुनी हौस. शास्त्र तिला काय उत्तर देते?

वस्तूवरून परतलेला प्रकाश डोळ्यांत आला, की ती दिसते. ओढ्याचे पाणी धोंड्याला वळसा घालून पुढे पूर्ववत मिळते, तसा प्रकाशच वळवला तर? लंडनच्या जॉन पेंड्री यांनी याचे गणित मांडले. २००६ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात डेव्हिड स्मिथ यांच्या गटाने, तांब्याची बारीक नक्षी असलेली वलये भोवती रचून, एक नळकांडे रडारच्या जातीच्या लहरींपासून बऱ्याच अंशी लपवले. त्या लहरींची लांबी सुमारे ३.५ सेंटिमीटर, दृश्य प्रकाशाची मिलिमीटरच्या दोनहजाराव्या भागाइतकी. म्हणून माणसाला झाकील असा झगा अजून झालेला नाही.

आणि झाला तरी मेख आहेच. सगळा प्रकाश वळसा घालून गेला, तर आतल्याच्या डोळ्यांपुढे काळोखच! जो दिसत नाही, त्याला दिसतही नाही.

याच विचाराच्या वाटेने २०१२ साली फ्रान्समध्ये ग्रनोबलजवळ जमिनीत भोकांच्या रांगा पाडून कंपनलहरी परतवून पाहिल्या गेल्या. शेजाऱ्याच्या घरात डोकावण्यास हे शास्त्र निरुपयोगी. त्याचे घर भूकंपापासून वाचवण्यास मात्र ते उपयोगी पडावे, अशी आम्हांस आशा वाटते.