आडव्या वाऱ्यातली चाकं

साताऱ्याहून ठोसेघरमार्गे चाळकेवाडीच्या पठारावर सायकल घेऊन गेलात, तर तिथे इतक्या पवनचक्क्या का उभ्या आहेत हे कुणाला विचारावं लागत नाही. दरडीचा आडोसा संपतो आणि बाजूने असा धक्का बसतो की हातातलं हँडलच वळतं.

इथे प्रश्न येतो चाकांचा. रेसिंग सायकलची रिम, म्हणजे टायरच्या आतली धातूची किंवा कार्बनची कडी, जितकी उंच तितकी ती सपाटीवर हवा सफाईने कापते. पण आडव्या वाऱ्याला तीच कडी शिडासारखी सापडते. त्यातही खरा घोळ पुढच्या चाकाचा. मागचं चाक सांगाड्यात पक्कं बसलेलं, शिवाय त्यावर आपलं वजन जास्त. पुढचं मात्र हँडलबरोबर फिरतं. म्हणून पुढे 30-35 मिलिमीटरची आणि मागे 50ची रिम अशी जोडी खुशाल लावा. विजोड दिसते? दिसू द्या! रिमची आतली बाजूही बोटाने चाचपून पाहा. टोकदारपेक्षा रुंद, गोलसर असेल तर ती झोताला कमी बिचकते. अंगाने हलक्या असणाऱ्यांनी तर उंच रिमचा मोह आवरावाच.

हवाई बेटावर कोना इथे होणाऱ्या आयर्नमॅन या पोहणं-सायकल-धावण्याच्या स्पर्धेत पूर्ण बंद तबकडीचं चाक मागेसुद्धा अनेक वर्षं लावू दिलं नाही, ते वाऱ्यामुळेच.

तेव्हा नवी चाकं घेण्याआधी कुणा मित्राची मागून आणा आणि ऐन वाऱ्याच्या दिवशी एकदा चालवून बघा.