सर्टिफिकेट दाखवलं की बोटीचा विमा स्वस्त होतो का?

आजचा विषय जरा पाण्यातला आहे. गेल्या काही महिन्यांत तीन-चार श्रोत्यांनी जवळपास सारखाच प्रश्न विचारला. कुणी सेकंडहँड बोट घेतली आहे, कुणी घ्यायच्या विचारात आहे. विचारणं असं की कोस्टगार्डचा कोर्स केला, परीक्षा दिली, तर विम्याचा हप्ता कमी होतो का? आपण मराठी माणसं. बोट घेताना हात सैल सुटतो, पण हप्त्याच्या वीस डॉलरवर मात्र आपली बारीक नजर असते. म्हणून म्हटलं, याचा हिशेब नीट मांडूया.

आम्ही राहतो माउंट वेलिंग्टनला. मौंगारेईच्या टेकडीवर चढलं की पॅनम्यूरचं बेसिन दिसतं. ते मुळात ज्वालामुखीचं विवर, आता त्यात भरतीचं पाणी आत-बाहेर करतं. त्याला लागून टामाकीची खाडी, पलीकडे हाफ मून बे, आणि तिथून पुढे रंगीटोटो, वायहेकी, सगळं हौराकी आखात. सिल्व्हिया पार्कच्या पार्किंगमध्ये जागा शोधायला जितका वेळ जातो, तितक्या वेळात बोट पाण्यात उतरते. मोह होणारच.

पहिली गोष्ट, न्यूझीलंडमध्ये हौसेची बोट चालवायला परवाना लागत नाही. सिडनीहून किंवा ब्रिस्बेनहून इकडे आलेल्यांना हे खरं वाटत नाही, कारण तिकडे ठरावीक वेगाच्या किंवा ताकदीच्या मोटरबोटीसाठी लायसन्स सक्तीचं आहे. कॅनडातही मोटरबोट चालवणाऱ्याकडे कार्ड असावं लागतं. आपल्याकडे मात्र नियम आहेत ते वागण्याचे. किनाऱ्यापासून 200 मीटरच्या आत, किंवा माणसापासून अथवा दुसऱ्या बोटीपासून 50 मीटरच्या आत पाच नॉटपेक्षा जास्त वेग नको. दहा नॉटपेक्षा वेगाने जाऊ शकणारी मोटरबोट चालवणाऱ्याचं वय किमान पंधरा हवं. बोटीत जितकी माणसं तितकी त्यांच्या मापाची लाइफजॅकेट्स हवीत. आणि जो स्किपर, त्याच्यावर सगळ्यांची जबाबदारी. बोट त्याच्या मालकीची असो वा नसो.

विमासुद्धा सक्तीचा नाही. मरिनामध्ये जागा भाड्याने घ्यायला गेलात की मरिनावाले सहसा पॉलिसी मागतात, कारण तुमची बोट सुटून शेजारच्या दोन लाखांच्या बोटीवर आदळली तर भांडण त्यांच्या दारात येतं.

आता मूळ प्रश्न. सर्टिफिकेटने हप्ता कमी होतो का? थोडक्यात उत्तर: कधी कधी, थोडासा, आणि सगळीकडे नाही. अमेरिकेत बऱ्याच विमा कंपन्या सुरक्षेचा कोर्स केलेल्यांना उघडपणे सवलत देतात. इथे काही कंपन्या अर्जात शिक्षण आणि अनुभव विचारतात आणि भाव ठरवताना तो धरतात, काही नुसतं विचारून सोडून देतात. न विचारता कुणी सूट देईल, याची वाट बघू नका.

असं का, हे कळायला विमा कंपनीच्या खुर्चीत बसून बघा. एमबीएला आम्हाला जोखमीचे धडे शिकवले, त्यातला मला सगळ्यात उपयोगी वाटलेला प्रश्न असा, की नुकसान नक्की कुठे होतं? लोकांना वाटतं भर समुद्रात, वादळात. पण बोट वर्षातले किती दिवस समुद्रात असते? बाकीचे दिवस ती तुमच्या ड्राइव्हवेमध्ये, मरिनात किंवा मूरिंगला बांधून उभी असते. तिथून इंजिन चोरीला जातं. पावसाने बिल्ज भरतं, पंपाची बॅटरी मेलेली असते आणि बोट जागेवरच बुडते. ट्रेलरचं बेअरिंग मोटरवेवर जातं. 2023 च्या जानेवारीत ऑकलंडला पूर आला आणि फेब्रुवारीत गॅब्रिएल चक्रीवादळ. त्या वाऱ्यात नांगर आणि दोर कसे होते ते महत्त्वाचं, मालकाने परीक्षेत किती मार्क मिळवले ते नाही. म्हणून बोट कुठे ठेवता, किती जुनी आहे, कशाची बांधलेली आहे, किंमत किती, कुठवर नेणार, शर्यतीत उतरणार का, आधी किती क्लेम केले, या गोष्टी हप्ता ठरवतात. शिडाची बोट असेल तर डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तारा किती वर्षांच्या आहेत, हेही विचारतात. बोट जुनी असेल तर पाण्याबाहेर काढून सर्व्हे करून मागतात. तुमचं सर्टिफिकेट या रांगेत बरंच मागे उभं असतं.

एक गंमत म्हणून हिशेब करू. आकडे माझे, फक्त समजण्यापुरते. समजा हप्ता वर्षाला 500 डॉलर आहे आणि सर्टिफिकेटवर पाच टक्के सूट मिळाली. म्हणजे 25 डॉलर. कोर्सला 250 लागले असतील तर पैसे वसूल व्हायला दहा वर्षं. त्यापेक्षा एक्सेस, म्हणजे क्लेममधली पहिली रक्कम जी आपल्या खिशातून जाते, ती जरा वाढवून घेतली किंवा बोटीला अलार्म आणि ट्रेलरला चांगलं कुलूप लावलं, तर हप्त्यावर जास्त फरक पडण्याची शक्यता आहे. चार वर्षं क्लेम न करता काढली, तर नो क्लेम बोनस त्याहून मोठा. तेव्हा फक्त हप्ता वाचवण्यासाठी कोर्स करत असाल तर नका करू. तो व्यवहार बसत नाही.

पण म्हणून तो कागद निरुपयोगी आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. त्याचं काम हप्त्यापेक्षा दुसरीकडे आहे, आणि ते जास्त महाग काम आहे.

पाच मीटरची अ‍ॅल्युमिनियमची बोट असेल तर कुणीही विमा देईल. उद्या तुम्ही अकरा मीटरची शिडाची बोट घ्यायला निघालात, आजवर कधी शीड उभारलेलं नाही, आणि अर्जात अनुभवाच्या रकान्यात 'नाही' लिहिलंत, तर ब्रोकरचा फोन येईल. कदाचित विमा मिळणारच नाही, किंवा मिळेल तो अशा अटीवर की पहिले काही महिने अनुभवी माणूस बोटीवर हवा, रात्री बोट न्यायची नाही, अमुक रेषेपलीकडे जायचं नाही. टोंगा किंवा फिजीला जायचं म्हणाल, तर शिक्षण, अनुभव आणि बरोबरच्या माणसांची माहिती सगळी मागतील. इथे सर्टिफिकेट दार उघडतं. सूट देत नाही, आत घेतं.

आता जरा कंटाळवाणा पण महत्त्वाचा भाग. माझा धंदा कॉम्प्युटरचा, मी वकील नाही, तरी हे ऐका. आपल्याकडे 1977 चा एक कायदा आहे, इन्शुरन्स लॉ रिफॉर्म अ‍ॅक्ट. त्याच्या अकराव्या कलमाने ग्राहकाला मोठा आधार दिला. पॉलिसीतली एखादी अट मोडली, पण नुकसान त्यामुळे झालं नाही असं तुम्ही दाखवू शकलात, तर कंपनी केवळ त्या अटीवर बोट ठेवून क्लेम नाकारू शकत नाही. आता 2024 मध्ये नवा कायदा संमत झालाय, कॉन्ट्रॅक्ट्स ऑफ इन्शुरन्स अ‍ॅक्ट, आणि तो 2027 च्या नोव्हेंबरपर्यंत लागू व्हायचा आहे. त्यात ग्राहकाच्या बाजूच्या चांगल्या गोष्टी आहेत. उदाहरणार्थ, न विचारलेली प्रत्येक गोष्टही आपणहून सांगायची जुनी जबाबदारी हलकी होऊन, खोटी किंवा चुकीची माहिती न देण्याची वाजवी काळजी घ्या, एवढीच उरते. पण अकराव्या कलमाच्या त्या आधाराला काही अपवाद केले आहेत. चालवणाऱ्याचं वय, ओळख, पात्रता आणि अनुभव यांबद्दलच्या अटी, आणि कुठल्या भागात वापरायचं याच्या अटी, त्या अपवादांत येतात.

याचा अर्थ आपल्या भाषेत असा. पॉलिसीत लिहिलंय की सुकाणूवर फक्त अमुक पात्रतेचा माणूस असेल, आणि त्या दिवशी तुम्ही हौसेने पुण्याहून आलेल्या मेहुण्याच्या हातात सुकाणू दिलं. खडकावर आपटली बोट. "तो चालवत नसता तरी आपटलीच असती" हा युक्तिवाद पुढे चालणं अवघड होणार. म्हणून ब्रोकरला 'सूट किती' याच्या आधी 'चालवायला कोण कोण चालेल' हे विचारा. आपल्याकडे पाहुणे येणार, आणि पाहुण्यांना सुकाणू धरून फोटो काढायचा असणार, हे गृहीत धरा. ही कुणाची खोड नाही, आपला रिवाजच आहे.

पाहुण्यांवरून आठवलं. बोटीत कुणाला दुखापत झाली तर आपल्यावर लाखोंचा दावा होईल, ही भीती अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून ऐकून इकडे येते. इथे 1974 पासून एसीसी आहे. अपघाताची दुखापत कुणाच्याही चुकीने होवो, उपचारांचा भार एसीसी उचलतं आणि त्या दुखापतीच्या भरपाईसाठी सहसा कोर्टात जाता येत नाही. भारतातून आलेल्या आईबाबांनाही अपघाताच्या उपचारांसाठी ते लागू आहे, आजारपणाला नाही, त्यामुळे त्यांचा ट्रॅव्हल इन्शुरन्स टाळू नका. मग तुमच्या बोटीच्या पॉलिसीतला तिसऱ्या पक्षाचा भाग कशासाठी? दुसऱ्याच्या बोटीसाठी, धक्क्यासाठी, सांडलेल्या डिझेलच्या साफसफाईसाठी, आणि बुडालेली बोट वर काढायच्या खर्चासाठी. बुडालेली बोट वाटेत अडथळा ठरली तर ती काढायचा खर्च मालकाकडून वसूल होतो. वीस हजारांच्या बोटीला बाहेर काढायला वीस हजारांपेक्षा जास्त लागू शकतात. विम्यातला हा भाग मला बोटीच्या किमतीपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. पैसे कमी असतील तर जुन्या बोटीचा पूर्ण विमा सोडा, पण एवढं तरी घ्याच.

आता कोर्सबद्दल. कोस्टगार्ड इथे स्वयंसेवकांच्या जिवावर चालतं, सरकारी खातं नाही. त्यांचा डे स्किपर हा पहिला कोर्स, वर्गात बसून किंवा ऑनलाइन करता येतो. वाटेचे नियम, नकाशा, भरती-ओहोटीचे तक्ते, नांगर, अडचणीत काय करायचं. मग बोटमास्टर, कोस्टल स्किपर अशा पायऱ्या आहेत. व्हीएचएफ रेडिओचं प्रमाणपत्र मात्र वेगळं. संकट सोडून एरवी रेडिओ वापरायला ते कायद्याने लागतं, आणि संकटाची हाक चॅनल 16 वर द्यायची हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं, फक्त स्किपरला नाही. टामाकीच्या खाडीत ओहोटीला चिखल उघडा पडतो. मुंबईच्या उधाणाची सवय असलेल्यांना इथलं तीनेक मीटरचं पाणी किरकोळ वाटतं, पण तक्ता न बघता गेलात तर सहा तास चिखलात बसून मुलांना गाणी म्हणायला लावावी लागतील.

आणि अनुभव लिहून ठेवा. वर्सोव्याच्या किंवा हर्णैच्या तांडेलाला कुणी सर्टिफिकेट विचारत नाही, कारण सगळं बंदर त्याला ओळखतं. विमा कंपनी तुम्हाला ओळखत नाही. कमांडर दिलीप दोंदे 2009-10 मध्ये 'म्हादेई'वरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करताना इथे लिटलटनला थांबले होते. त्याआधीची त्यांची काही वर्षं बोट बांधून घेण्यात आणि तिच्यावर सराव करण्यात गेली होती. आपल्याला इतकं नको. पण एका साध्या वहीत तारीख, कुठून कुठे गेलो, वारा कसा होता, सुकाणूवर कोण होतं, इतकं लिहिलंत तरी दोन वर्षांनी मोठी बोट घेताना ती वही अर्जाला जोडता येते. मला तर वाटतं, नुसत्या ऑनलाइन परीक्षेपेक्षा अशी वही बघून चांगला ब्रोकर जास्त खूश होईल.

तर या आठवड्यात पॉलिसीचं नूतनीकरण असेल, तर ब्रोकरला लेखी विचारा: कोर्स आणि वही जोडली तर हप्ता बदलतो का, चालवण्यासाठी कुणाची नावं किंवा कुठली पात्रता लागते, कुठपर्यंत जायची परवानगी आहे, बोट बुडाली तर काढायचा खर्च धरलाय का, आणि भरपाई ठरलेल्या किमतीची आहे की त्या दिवशीच्या बाजारभावाची. उत्तर ईमेलनेच मागा, फोनवरचं 'येस येस, नो वरीज' धरू नका.