आगोटीत वादळाचीही तयारी



मे महिना लागला की कोकणात आगोटीची लगबग सुरू होते. कौलं परतायची, लाकूडफाटा आत घ्यायचा, पडवीला झड्या बांधायच्या, तांदूळ-मिठाची बेगमी करायची. ही सारी तयारी पावसासाठी. आता तिच्यात वादळाची तयारीही धरायला हवी, कारण अरबी समुद्रातली चक्रीवादळं मुख्यतः मे-जूनमध्ये आणि पुन्हा पाऊस सरल्यावर येतात.

३ जून २०२० च्या दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाचा वारा. घरांचे पत्रे उडाले, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब मोडले, फोन बंद पडले. कित्येक गावांनी पुढचे अनेक दिवस अंधारात काढले. वर्ष होतं न होतं तोच मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ किनाऱ्यालगत वर सरकत गुजरातकडे गेलं.

म्हणून आधी छपराकडे बघा. पत्र्याचा एक कोपरा सुटला की वारा खाली शिरतो आणि अख्खं छप्पर उचलतो. गंजलेले हुक आत्ताच बदला. घरावर झुकलेल्या फांद्या तोडा; तारांजवळच्या फांद्यांना मात्र स्वतः हात न लावता महावितरणला कळवा. वीज गेली की पंप बंद, म्हणून पिण्याचं पाणी भरून ठेवा. रोजची औषधं, बॅटरी, रेडिओचे सेल हाताशी असू द्या. रेशनकार्ड, सातबारा, पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा. आणि वारा एकाएकी पडला तर लगेच बाहेर धावू नका. वादळाचा डोळा माथ्यावरून जात असेल, तर थोड्याच वेळात वारा उलट्या दिशेने येतो.

पण एकट्याच्या घराने भागत नाही. ओडिशाकडे पाहा. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसं गेली. २०१९ मध्ये ‘फनी’ आलं, तेव्हा दहा लाखांहून अधिक लोकांना आधीच हलवलं होतं; मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. मधल्या वीस वर्षांत तिथे निवारे उभे राहिले, इशारे गावोगाव पोचू लागले, आणि कुणाला कोण बाहेर काढणार हे गावांनी आधीच ठरवलं.

आपल्या वाडीतही हे ठरवता येईल. अंथरुणाला खिळलेलं कोण आहे, दिवस भरत आलेली बाई कुठल्या घरात आहे, त्यांना कोण नेणार, कुणाचं घर पक्कं आहे, शाळेची किल्ली कुणाकडे असते, पडलेलं झाड कापायला करवत कुठे मिळेल? याची यादी करून ती देवळात आणि ग्रामपंचायतीत लावा. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हा नंबरही तिच्यावर लिहा. इशारा आल्यावर हाती फार तर दोन-तीन दिवस असतात. ते माणसं हलवण्यात जावेत, माणसं शोधण्यात नव्हे.

येत्या रविवारी वाडीची बैठक बोलवा आणि ही यादी पुरी करूनच उठा.